कांबळेमामांना न दिलेली चाकं

शशी, तुझ्या गाडीची चाकं कांबळेमामांनी विकली नव्हती. ती मी भंगारवाल्याला दिली होती.

एवढं सांगायला मला सहा वर्षं लागली, आणि सांगून झालं तेव्हा ऐकायला तू नव्हतास. तू गेल्याला आज पाच आठवडे झाले. तुमच्या गिरगावच्या वाडीतल्या मंडळाने मला तुझ्यावर चार शब्द लिहून मागितले आहेत. वार्षिक अंकात छापायचे आहेत. सेक्रेटरी म्हणाले, "त्यांचे सगळ्यात जवळचे तुम्हीच." मी बरं म्हटलं. घरी येऊन 'दिलदार', 'हसतमुख', 'जुन्या गाडीचा शौकीन' असं अर्धं पान लिहिलं आणि फाडून टाकलं. तुझ्याबद्दल लिहायचं तर चाकांबद्दल लिहावं लागतं. चाकांबद्दल लिहायचं तर एक तर पुन्हा खोटं बोलायचं, नाहीतर हे. आता खोटं बोलायला अंगात जोर नाही. छापायचं की नाही ते मंडळाने ठरवावं.

गाडीची गोष्ट तुला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडी सांगतो. अण्णा, म्हणजे तुझे वडील, बोटीवर इंजिन खात्यात होते. शेवटच्या खेपेला त्यांनी जपानहून मोटरसायकल आणली. हिरवी टाकी, दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर. वाडीत ती आली तेव्हा आपण पाचवीत होतो आणि मी लालबागहून चालत ती बघायला आलो होतो. अण्णांनी कुणालाही हात लावू दिला नाही. आपल्या दोघांना फक्त चाकं पुसायला दिली, पुढचं तुला आणि मागचं मला. रिमच्या क्रोममध्ये आपलं तोंड पसरट दिसायचं. तू जीभ काढून दाखवायचास आणि अण्णा ओरडायचे, "थुंकी उडवू नकोस त्यावर!"

अण्णा गेले आणि गाडी तुझी झाली. चाकांचं काम मात्र अण्णांच्या काळापासून एकाच माणसाकडे होतं, परळला गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याची टपरी असलेले कांबळेमामा. चाक फिरताना डावी-उजवीकडे लचकायला लागलं की एकेक आरा आवळून, सैल करून ते सरळ करायचं, याला आऊट काढणं म्हणतात. मामा ते कानाने करायचे. पान्याने आऱ्यावर टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि पुढच्या आऱ्याकडे जायचं. गाडी लावताना तू "जयभीम मामा" म्हणायचास आणि ते मान वर न करता म्हणायचे, "आले शशीशेठ. आज काय बिघडवून आणलंय?" त्यांच्या मुलीच्या लग्नात तू वाढप्यांबरोबर पंगतीत वाढत होतास. हे सगळं लिहून ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं ते वाचून कुणाला वाटेल की तू आधीपासून तसाच होतास.

मग क्रोमचे पोपडे निघायला लागले. तू दोन्ही चाकं काढलीस आणि गाडी पडून राहू नये म्हणून इथल्या कुठल्याशा मोटरसायकलची चाकं तिला तात्पुरती लावलीस. जुनी चाकं पुन्हा क्रोम करायची होती, पण हल्लीचं पातळ क्रोम तुला चालणार नव्हतं. जुन्या पद्धतीने जाड थर देणारा माणूस तुला हवा होता. तोवर चाकं ठेवायची कुठे? तुझी खोली तळमजल्यावर, भिंतींना ओल. म्हणून ती माझ्या लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, पोटमाळ्यावर आली. ग्रीस लावून, तुझ्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तू स्वतः ती वर चढवलीस.

"सहा महिने फक्त," तू म्हणालास.

"चाक गोल असलं, फिरलं, की झालं ना रे? माप तेच. मग इथलं कायमचं बसवायला काय हरकत आहे?"

"विज्या, तुझ्या आजोबांच्या फोटोत मी दुसऱ्या कुणाच्या आजोबांचं डोकं चिकटवलं तर चालेल तुला? माप तेच आहे."

हा वाद आपण नंतर किती वेळा घातला याला गणती नाही. तो तसाच राहिला. अजूनही मला मनापासून वाटतं की गाडी चालवायची वस्तू आहे. अजूनही तुला ते पटणार नाही.

सहा महिन्यांची चार वर्षं झाली. मग आमची चाळ पाडायची ठरली आणि आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करा असं सांगण्यात आलं. पन्नास वर्षांचा संसार एका टेम्पोत. तू रविवारी मदतीला येतो म्हणाला होतास. रविवारी सकाळी तुझा फोन आला, "शीवला एकाकडे आपल्या गाडीचा जुना आरसा आहे म्हणतात. तो आज गावी चाललाय. आधी तिकडे जाऊन येतो, मग तुझ्याकडे." तू आलास तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते आणि टेम्पो गेला होता. तू मला आरसा दाखवलास. मी छान आहे म्हटलं.

त्या सकाळी भंगारवाला आमच्या गॅलरीत उभा होता. मी पोटमाळ्यावरून एकेक वस्तू खाली देत होतो. आईचा फुटका बंब, लोखंडी खाट, वातीचा स्टोव्ह आणि ते गाठोडं. आजवर मी स्वतःला सांगत आलो की घाईत कळलं नाही, धुळीत काही दिसलं नाही. तुझ्या बायकोला, सुलभावहिनींनाही पहिल्यांदा तसंच सांगितलं. ते खरं नाही. गाठोडं मी सोडून पाहिलं नाही, हे खरं आहे. पण उचलताना लुगड्यातून हाताला आरे लागले. मला कळलं होतं काय आहे ते. मी थकलो होतो, तुझ्यावर चिडलो होतो, आणि मनात आलं, जा तू आरसेच बघत बस. एका क्षणाचं होतं ते. भंगारवाल्याने हात पुढे केले आणि मी ते त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी चटका लागल्यासारखा त्याच्याकडे धावलो. त्याने माल पुढे दिला होता. पुढच्याने आणखी पुढे. मी भंगार बाजारात तीन दिवस फिरलो. तिथे एकाने मला समजावून सांगितलं, "रिम? लोखंड होतं ना? कापून गेलं असणार."

तरीही तेव्हा तुला सांगता आलं असतं. तू शिव्या दिल्या असत्यास, महिना-दोन महिने बोलला नसतास. सांगू सांगू म्हणत मी पावसाळा जाऊ दिला. मग तुला जाड क्रोम देणारा माणूस सापडला आणि तुझा फोन आला. आवाजात पाचवीतला मुलगा होता.

"विज्या, रविवारी चाकं न्यायला येतोय."

"अरे," मी म्हणालो, "ती मी खोली सोडताना कांबळेमामांकडे दिली. म्हटलं आऊट काढून ठेवा."

मामांचंच नाव का आलं? चाकं म्हटल्यावर दुसरं कुठलं नाव येणार, असं मी स्वतःला समजावतो. पण त्यात तेवढंच नव्हतं. त्यावर पुढे येतो.

तू परळला गेलास. मामा म्हणाले, माझ्याकडे चाकं आली नाहीत. तू मला तिथूनच फोन केलास आणि मी शाळेच्या प्रयोगशाळेतून, जिथे मी सहायक आहे, तसाच ॲप्रन काढून आलो. वाटेत ठरवलं होतं, सरळ सांगून टाकायचं. पोचलो तेव्हा तू घामाने भिजला होतास. बाजूचा चहावाला, चावीवाला, समोरचा इस्त्रीवाला, सगळे तुमच्याकडे बघत होते.

"सांग ह्यांना," तू मला म्हणालास. "दिली होतीस ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दिली? माझ्या हातात?"

"हो," मी म्हणालो.

पहिलं खोटं घाबरून बोललो होतो. हे दुसरं मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो.

"विजयभाऊ, नीट आठवा," मामा म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडे दिली असतील."

"दुसरा कोण आहे चाकं घेणारा?" तू मध्येच ओरडलास. "मामा, विकली असतील तर तसं सांगा. कुणाला विकली ते सांगा, मी जाऊन परत आणतो."

"अण्णांच्या वेळेपासून ही चाकं माझ्या हातात आहेत, शशीशेठ. मला विकायचीच असती तर एवढी वर्षं थांबलो असतो?"

आणि मग तू ते बोललास. "माझंच चुकलं. तुम्हा लोकांवर विश्वास ठेवला."

तुम्हा लोकांवर. तुझं तुलाच कळलं असावं, कारण तू पुढे काही बोलला नाहीस. मामांनी हातातला पाना फडक्याने पुसला आणि डब्यात ठेवला. टपरीत बुद्धाच्या तसबिरीखाली तुझ्या गाडीसाठी वेगळे काढून ठेवलेले काही आरे होते, दोऱ्याने बांधलेले. ते त्यांनी तुझ्यासमोर ठेवले.

"घेऊन जा. आणि यापुढे गाडी इथे लावू नका, साहेब."

शशी, तू तसा नव्हतास. पण तू जन्मभर ज्या घरांत, ज्या वाडीत वाढलास, मी ज्या चाळीत वाढलो, तिथे ते दोन शब्द कायम कुठेतरी ठेवलेले असायचे, पोटमाळ्यावर ठेवल्यासारखे. मी ते तुझ्या हाती काढून दिले. त्यावर पुढे येतो असं म्हणालो होतो, ते हेच. मामांचं नाव घेतलं तर कुणी फार खोलात विचारणार नाही, हे मला आत कुठेतरी ठाऊक होतं. वाडीतल्या चार लोकांचं नाव घेतलं असतं तर तू पुरावा मागितला असतास. मामांच्या बाबतीत तू मागितला नाहीस.

त्यानंतरचे रविवार आठवले की पाय दुखायला लागतात. तुला त्याच काळातली जपानी चाकं हवी होती. रिमवर, हवा भरायच्या भोकाजवळ, बारीक शिक्का असतो. बनवणाऱ्याची खूण, माप आणि साल-महिन्याचे आकडे. गाडी ज्या साली बनली त्याच सालचा किंवा आदल्या सालचा शिक्का पाहिजे, हा तुझा हट्ट. तुझ्या पिशवीत जुना टूथब्रश, रॉकेलची बाटली आणि अण्णांचं भिंग. कुणाच्या गॅरेजात, कुणाच्या जिन्याखाली, तू उकिडवा बसून गंज घासायचास आणि मी मोबाईलचा उजेड धरायचो.

"वाच."

"शेवटचा आकडा आठ आहे."

"नीट बघ. तीन असेल. गंजाने आठ झालाय."

"आठच आहे, शशी."

"मग नको." आणि गुडघ्यावर हात देऊन उठायचास. दादरला एका जुन्या पार्टवाल्याने तुला दोन तास बसवून वेगळ्याच गाडीचं चाक दाखवलं. कोल्हापूरच्या एकाने फोटो पाठवले, ते दुसऱ्याच्याच गाडीचे निघाले. प्रभादेवीला एका निवृत्त गृहस्थांकडे आपण तीनदा गेलो. त्यांच्याकडे तशीच गाडी होती असं कुणी सांगितलं होतं. ते दर वेळी चहा द्यायचे आणि म्हणायचे, "होती खरी. चाकं कुठेतरी असतील. बायको शोधील तेव्हा सापडतील." तू दर वेळी तुझा नंबर लिहून द्यायचास. मी तुझ्याबरोबर एकही रविवार चुकवला नाही. तुला वाटायचं मी मैत्रीखातर येतो. तू वहिनींना म्हणाला होतास, "विज्यासारखा मित्र मिळायला नशीब लागतं." ते वाक्य मला वहिनींनी परवा सांगितलं. मला ते आयुष्यभर पुरेल.

पुढचं चाक शीवला सापडलं, तेव्हा तू भर रस्त्यात मला मिठी मारलीस. शिक्का बरोबर, साल बरोबर. पण आरे सगळे बदलायचे होते. दादरच्या एका नव्या गॅरेजात ते बांधून घेतलंस. फिरवून पाहिलं तर लचकत होतं. पुन्हा बांधलं, पुन्हा लचकलं. परत येताना सिद्धिविनायकाच्या अलीकडच्या टपरीवर आपण चहा घेतला. चाक तुझ्या मांडीवर होतं. तू आऱ्यांवर नखाने टिचक्या मारत ऐकत होतास.

"मामांचा हात..." तू म्हणालास आणि थांबलास. मग चहा संपवून, "विज्या, कधीकधी मला वाटतं, त्यांनी नसतील विकली."

शशी, तो माझा शेवटचा दरवाजा होता. उघडाच होता. तू स्वतः उघडून धरला होतास.

"सोड ना आता," मी म्हणालो. "किती वर्षं झाली."

तू मान हलवलीस. पुन्हा तो विषय काढला नाहीस. तीन महिन्यांनी सकाळी दूध आणायला गेलास आणि वाडीच्या तोंडाशी खाली बसलास. वहिनी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर गेलो. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा शिवेना. वहिनींचे भाऊ पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "सुलभाची काळजी करू नका, आम्ही आहोत." कावळे भिंतीवर बसून राहिले. कुणी म्हणालं, "गाडी विकणार नाही, गाडी घरातच राहील." तरी नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. "विजयभाऊ, तुम्ही बोला. त्यांचा जीव चाकांत अडकला असणार." मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "शशी, मागचं चाक मी शोधीन. शिक्क्यासकट." एक कावळा पिंडाजवळ उतरला, तिरका चालला आणि परत उडून गेला.

कावळ्यांवर माझा विश्वास नाही. तिथे त्यांना रोज इतके पिंड मिळतात की भूक कुठून असणार. पण माझ्या मागे माणसं उभी होती, तुझ्यासाठी जे खरोखर बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडात होतं, आणि तिथेही मी चाकाचं वचन देऊन मोकळा झालो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. उन्हं वर आली होती, सगळ्यांना घरी जायचं होतं.

आणि चाक सापडलं. तेराव्यानंतर चार दिवसांनी तुझ्या फोनवर प्रभादेवीच्या त्या गृहस्थांचा फोन आला. वहिनींनी त्यांना माझा नंबर दिला. मी गेलो. त्यांच्या मागच्या बाल्कनीत, भिंतीला खिळ्यावर, मोगऱ्याचा वेल चढवायला एक चाक लावलेलं होतं. आपण तीनदा आलो, चहा प्यायलो, आणि ते त्या दाराच्या पलीकडे होतं.

"तुमचे मित्र नाही आले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते स्वतःच कात्री आणून वेल सोडवायला लागले. मी खाली बसलो. टूथब्रश, रॉकेल, भिंग, सगळं वहिनींनी पिशवीत दिलं होतं. या वेळी उजेड धरायला कुणी नव्हतं, म्हणून मोबाईल दातांत धरला. शिक्का उघडा पडला. शेवटचा आकडा तीन आहे की आठ, हे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. तीन होता, शशी. अगदी स्पष्ट.

मला आनंद झाला नाही. चाक मांडीवर घेऊन मी तिथेच बसून राहिलो. वाटलं होतं की ते सापडलं की अर्धा भार उतरेल. पण चाक मिळालं तसं कळलं की सहा वर्षं मी चाकाच्या आडून दुसरंच काहीतरी टाळत होतो.

चाक घेऊन तसाच गिरगावला, वहिनींकडे आलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. आधी घाईत कळलं नाही, असं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग हाताला आरे लागले होते, तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "भावजी, चाकांचं मला काही नाही. लोखंड ते. पण मामांना ते बोलून आले त्या दिवशी जेवले नव्हते. मला म्हणाले, मी फार वाईट बोललो, पण ते चोर निघाले त्याला मी काय करू. मामा चोर निघाले म्हणून आपण बोललो, एवढ्यावर हे सहा वर्षं तग धरून होते. तुम्ही माझ्या नवऱ्याला वाईट माणूस करून पाठवलंत."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मला नको," त्या म्हणाल्या. "आधी तिकडे जा."

परळला गिरणीच्या जागी आता टॉवर आहे, पण त्याच्या कुंपणाच्या कोपऱ्यात मामांची टपरी आहे. मामा खूप वाकलेत. चष्मा जाड झालाय. एका सायकलचं चाक समोर धरून टिचक्या मारत होते. मी दोन्ही चाकं घेऊन गेलो होतो, पुढचं आणि मागचं. का, ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित रिकाम्या हाताने उभं राहायची हिंमत नव्हती.

त्यांनी आधी चाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बोला, साहेब."

"मामा, शशी गेला."

"कळलं मला. वाडीतून निरोप आला होता." पान्याची टिचकी. "मी येणार होतो. मग म्हटलं, नको, तिथे लोक माझ्याकडे बघतील."

मी चाकं हातात धरूनच सुरुवात केली. "मामा, मी तुमची माफी..."

"ती खाली ठेवा आधी," ते म्हणाले. "हातात चाक घेऊन माफी मागू नका. काम करून घ्यायला आल्यासारखं दिसतं."

मी चाकं भिंतीला टेकवून ठेवली आणि सगळं सांगितलं. मध्ये एकदा अडखळलो तर ते थांबले, पण मदत केली नाही. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं. चाकं माझ्याकडे आली नव्हती, हे पक्कं ठाऊक असलेली दोनच माणसं होती. एक मी आणि एक तुम्ही."

"मग तुम्ही शशीला पुन्हा..."

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना! त्याने तुमचं ऐकलं. का ऐकलं, ते मला कळतं. तुम्हालाही कळतं."

मी म्हणालो, शशीच्या वतीनेही मी माफी मागतो.

"ते करू नका," मामा पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले. "शशीचं आणि माझं आमचं आम्ही बघू. त्याला मी खांद्यावर बसवून गणपती दाखवलेत. तुम्ही तुमचं बोला." मग सायकलचं चाक बाजूला ठेवून विचारलं, "त्या दिवशी इथे कोण कोण होतं, आठवतं?"

"चहावाला. चावीवाला. समोरचा इस्त्रीवाला."

"इस्त्रीवाला दोन वर्षांपूर्वी वारला. त्या दिवसानंतर त्याने नातवाची सायकल माझ्याकडे कधी आणली नाही. पुढच्या नाक्यावर न्यायचा, माझ्यासमोरून. त्याला आता तुम्ही कुठे सांगणार?" त्यांनी हनुवटीने चहाच्या गाडीकडे दाखवलं. "बाकीचे दोघं आहेत. तिथे बोललात, तिथेच बोला."

दुपारचे साडेबारा वाजले होते. टॉवरमधली ऑफिसची माणसं चहाला उतरली होती, आठ-दहा जण असतील. मी चहावाल्यासमोर जाऊन उभा राहिलो. मामा टपरीच्या बाहेर येऊन उभे राहिले. मी बोलायला लागलो तर चहावाला म्हणाला, "कितना, दो?" मी म्हणालो, चहा नको, ऐका. एकदोघं हसले. स्टोव्हच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. चावीवाला म्हणाला, "जोरात बोला, भाऊ, काय झालं?" चहावाल्याने माझ्या तोंडाकडे बघून स्टोव्ह बंद केला.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने, जसं ते माझ्या तोंडून आलं तसं.

"सहा वर्षांपूर्वी इथे उभं राहून मी सांगितलं होतं की मोटरसायकलची दोन चाकं मी ह्या कांबळेमामांना दिली. तुम्ही दोघं इथे होता. मी दिली नव्हती. मीच ती रागाने भंगारात घातली आणि नाव त्यांचं घेतलं, कारण त्यांचं नाव घेतलं तर सगळ्यांना खरं वाटेल हे मला माहीत होतं. मामांनी कुणाचं काही घेतलेलं नाही. मामा, मी तुमच्या डोळ्यांत बघून खोटं बोललो. मला माफ करा."